पाटावरचं अस्वल

१

सोसायटीत मुलाचा वाढदिवस करायचा म्हणजे आता थीम हवीच. केक, वेफर्स आणि बटाटेवड्यावर भागवण्याचे दिवस गेले. खांदेश्वर स्टेशनच्या अलीकडच्या त्या सोसायटीत वर्षभरात समुद्राची थीम झाली, अंतराळाची झाली, एका घरी तर नुसती निळ्या रंगाची झाली आणि पोरांच्या जिभा दोन दिवस निळ्या राहिल्या. तेव्हा केयूर पाच वर्षांचा होणार म्हटल्यावर गीतांजलीनेही कंबर कसली. तिने जंगल करायचं ठरवलं.

तिला हौस होतीच, पण नुसती हौस नव्हती. केयूर बुजरा होता. खाली बागेत पोरं घसरगुंडीवर धुमाकूळ घालायची आणि हा भिंतीला पाठ लावून उभा असायचा. शाळेतल्या टीचर म्हणायच्या, "हुशार आहे हो, पण मिसळत नाही कोणात." गीतांजली त्यांच्यापुढे हसून घ्यायची आणि घरी आल्यावर भाजी चिरतानासुद्धा तेच मनात घोळवत राहायची. चार पोरं घरी यावीत, त्यांनी याला आपल्यात घ्यावं, एवढंच तिला हवं होतं. म्हणून तिने सोसायटीच्या ग्रुपवर सरळ टाकून दिलं, की सगळ्या बच्चेकंपनीने यायचंच यायचं, वेगळं आमंत्रण नाही.

तिचा नवरा प्रसाद न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात होता. बंदरातल्या ओळखींवर त्याचा भारी भरवसा. "मुखवट्यांचं टेन्शन नको घेऊ, एका इम्पोर्टवाल्या पार्टीचा सँपलचा खोका पडलाय ऑफिसात," तो म्हणाला आणि आदल्या दिवशी खोका घेऊन आला. खोक्यावर वाघ, हत्ती, माकड, जिराफ अशी रांगेने चित्रं होती. आत सगळी अस्वलं निघाली. केसाळ तपकिरी कापडाचे झगे, त्यालाच शिवलेलं मुंडकं, हातांना पंजे, डोळ्यांच्या जागी काळी जाळी, तोंडाशी श्वासापुरती फट आणि मागे मानेपासून कमरेपर्यंत चेन.

"जंगलात काय नुसती अस्वलंच असतात?" गीतांजली चिडली.

"फोटोत काय मस्त दिसेल बघ. सगळे सेम टू सेम."

प्रसादची आई, सुनीतीबाई, चिपळूणहून खास नातवासाठी आल्या होत्या. त्यांनी एक झगा बोटाच्या चिमटीत उचलून पाहिला. "आमच्या लहानपणी दरवेशी अस्वल घेऊन यायचा हो. त्याच्या पाठीवर बसवलं की पोर पुन्हा कशाला म्हणून भ्यायचं नाही, म्हणायचे. पण ते अंगणात. उंबऱ्याच्या आत नाही घ्यायचं कोणी." मग झगा खाली ठेवून त्यांनी आपली अट घातली. "आणि केकबिक नंतर. आधी औक्षण. दिवे लागायच्या आत."

गीतांजलीने मान डोलावली. तेवढ्यावर भागलं म्हणून ती मनात खूशच झाली.

२

दुपार कलली तसं घराचं जंगल झालं. हॉलच्या खिडकीवर आणि बाल्कनीच्या सरकत्या काचेवर तिने हिरवा क्रेप कागद चिकटवला होता, पंख्याच्या दांड्यापासून वेली सोडल्या होत्या. एसी लावायचा म्हणून सगळं बंद केलं आणि बाहेरचा आवाज एकदम तुटला. एरवी विमानतळाकडची विमानं डोक्यावरून गेली की बोलणं थांबवावं लागायचं. आता काहीच ऐकू येत नव्हतं. हिरव्या उजेडात आपलाच हॉल तिला ओळखीचा वाटेना. छान झालंय, ती स्वतःशी म्हणाली.

अस्वल व्हायचा पहिला मान केयूरचा. चेन ओढली तसा तो आतून खुदखुदला. झगे मोठ्या मापाचे होते, लहानग्यांना पायघोळ होत होते, पायाचं बोटही दिसत नव्हतं.

मग बेल वाजायला लागली ती थांबेचना. आया दारातूनच पोरं सोडत होत्या, "अंधार पडला की येते न्यायला" म्हणून लिफ्टकडे पळत होत्या. गीतांजली दारातच पोराला झगा चढवायची, चेन ओढायची आणि आत सोडायची. समोरच्या फ्लॅटमधली दीक्षा तिच्या सईला सोडून गेली, तिसऱ्या मजल्यावरचे जुळे आले, मग कोण आलं आणि कोण नाही याचा हिशोब तिने सोडून दिला. थोड्या वेळाने वळून पाहिलं तर हॉलभर अस्वलंच अस्वलं. एकसारखी, एकाच उंचीची, किंचाळणारी.

भिंतीशी रांगोळी काढून औक्षणाचा पाट मांडला होता. त्याच्या शेजारी एक अस्वल भिंतीला पाठ लावून उभं होतं.

गीतांजलीची नजर तिकडे गेली. एवढा खटाटोप केला, घरभर पोरं गोळा केली, आणि हा आपला आला मूळपदावर. ती त्याच्यापुढे उकिडवी बसली. "काय रे राजा? खेळ ना सगळ्यांशी. तुझेच पाहुणे आहेत ना?"

अस्वल जागचं हललं नाही. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. कापडाखाली पाठ ताठ लागली, ताठ आणि गार. एसी त्याच्याच अंगावर येतोय, तिला वाटलं.

तेवढ्यात सोफ्यावर धाड धाड आवाज झाला. एक अस्वल उड्या मारत होतं, दोन्ही पंजे वर करून डरकाळ्या फोडत होतं आणि बाकीची त्याच्याभोवती पोट धरून हसत होती.

"ए! उतर आधी खाली! कोणाचा रे तू?" गीतांजली ओरडली. "येऊ दे तुझ्या आईला, सांगतेच तिला."

ते अस्वल उडी मारता मारता थबकलं. काळ्या जाळीतून तिच्याकडे बघत राहिलं. आतून काहीतरी म्हणालंही, पण गाणी मोठ्याने लागली होती, तिला ऐकू आलं नाही. मग ते हळूच सोफ्यावरून उतरलं.

किती वात्रट असतात एकेकाची पोरं, ती मनात म्हणाली आणि ताम्हण आणायला आत गेली.

३

ताम्हणात सगळं होतं. निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, कुंकू, अक्षता, पेढा. ती बाहेर आली तेव्हा केयूर पाटावर बसलेला होता. कोणी सांगायच्या आत, मांडी घालून, पूर्वेकडे तोंड करून.

"बघा, आजीचं कसं ऐकतो," सुनीतीबाई खूश होऊन म्हणाल्या.

प्रसादने मोबाईल पुढे धरला. गीतांजली वाकली. "मुंडकं काढ रे सोन्या, कुंकू लावायचंय."

पाटावरच्या अस्वलाने मान हलवली. नाही. दोन्ही पंज्यांनी मुंडकं गच्च धरून ठेवलं.

"राहू दे गं, व्हिडिओत काय भारी येतंय!"

"कुंकू कपाळाला लागलं पाहिजे हो," सुनीतीबाई कुरकुरल्या. पण नातवाच्या मनाविरुद्ध जायचं त्यांच्याही जिवावर आलं. "बरं, लाव तसंच. आज त्याचा दिवस."

गीतांजलीने कुंकू लावलं. अस्वलाच्या कपाळावर, त्या तपकिरी केसांत, अनामिकेने दाबून. अक्षता लावल्या, अंगठी आणि सुपारी ओवाळली. मग ताम्हण उचललं. ओवाळताना ज्योत मागे पडते, हे तिच्या हाताला लहानपणापासून माहीत होतं. आज ती मागे पडेना. ताम्हण डावीकडे जावो की उजवीकडे, ज्योत अस्वलाच्या तोंडाकडे झुकलेली. त्या फटीकडे. आतून कोणी लांब श्वास ओढून धरावा तशी.

एसी, तिने पुन्हा स्वतःला सांगितलं.

"औक्षवंत हो," ती म्हणाली. "माझा केयूर, शंभर वर्षांचा हो."

पेढ्याचा तुकडा तिने फटीत सरकवला. बोटांना ओठ लागतील, दात लागतील, निदान ऊब लागेल म्हणून ती नकळत थांबली. काहीच लागलं नाही. तुकडा मात्र गेला.

अस्वलाने पाटावरूनच पुढे वाकून आजीच्या पायांवर डोकं टेकवलं. केयूरला हे कधी कोणी शिकवलं नव्हतं. सुनीतीबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आता मी ओवाळते," म्हणून त्यांनी ताम्हणाला हात लावला आणि निरांजन विझलं.

"आई!"

पोरांच्या घोळक्यातून एक अस्वल ढुशा देत पुढे आलं. मघाचंच, सोफ्यावरचं. "आई, तू त्याला का ओवाळलंस? वाढदिवस माझा आहे ना?"

तो आवाज केयूरचा होता.

४

गीतांजली चमकून त्याच्याकडे वळली. मग लगेच तिला हसू आलं. केवढा गाढवपणा! भिंतीला पाठ लावून उभा, म्हणजे तो आपला, असं आपण धरूनच चाललो. आणि आपलं पोर तिकडे सोफ्यावर नाचत होतं, सगळ्या पोरांचा म्होरक्या होऊन. पाच वर्षं ज्याची वाट पाहिली ते डोळ्यांपुढे चाललं होतं आणि आपण त्यालाच रागावलो. तिला इतकी लाज वाटली की तिने ताम्हण खाली ठेवलं आणि त्याला जवळ ओढलं.

"अहो आई, घोळ झाला! केयूर हा आहे. प्रसाद, चुकीच्याच पोराला ओवाळलं मी."

प्रसाद मोबाईलमध्ये बघत हसला. "हो का? बरं बरं. ए बाळा, थांब हं, केयूरचं झालं की तुझा नंबर."

"प्रसाद, मस्करी नको. हा केयूर आहे."

"अगं, पाटावर कोण बसलाय मग?"

"तेच तर विचारतेय. कोण बसलाय?"

त्यावर प्रसादने तिच्याकडे जरा नीट पाहिलं. सुनीतीबाईंनीही पाहिलं. दोघांच्या चेहऱ्यावर मस्करीचा मागमूस नव्हता. "दमलीस गं तू," सुनीतीबाई म्हणाल्या. "आपला केयूर आहे हा. बोलतो का बघ एक शब्द तरी? अबोल ते अबोलच माझं लेकरू."

"मग चेहराच दाखवते तुम्हाला," असं म्हणून गीतांजलीने केयूरला पाठमोरं केलं आणि चेन ओढली. ती इंचभर सरकली आणि अडकली. वर जाईना, खाली येईना.

"आई, गरम होतंय," केयूर आतून म्हणाला.

"एक मिनिट हं, राजा. काढते."

तिने मुंडकं वरून उपसायचा प्रयत्न केला तर तो कळवळला. तिची बोटं घामाने सटकू लागली. चेन कशी अडकते, कापडाचा धागा दातांत जातो, एवढं साधं ते असणार. ती कात्री आणायला स्वयंपाकघरात गेली. सुनीतीबाई तिच्या मागोमाग आल्या आणि त्यांनी कात्री तिच्या हातातून काढून घेतली.

"वेड लागलं का तुला? दुसऱ्याच्या पोराच्या मानेशी कात्री लावतेस? त्याची आई येईल, ती काढेल."

५

मग केक कापला. पाटावरच्या अस्वलाला प्रसादने उचलून टेबलाशी नेलं, त्याच्या पंज्यावर आपला हात ठेवला आणि सुरी फिरवली. गाणं म्हटलं गेलं. गीतांजलीच्या कमरेला बिलगलेला केयूर त्या गाण्याभर ओरडत होता, "मी आहे, मी आहे," आणि बाकीच्या अस्वलांना तो खेळच वाटत होता. तीही ओरडायला लागली. "मी केयूर, मी केयूर!" हॉल दणाणून गेला. टेबलाशी उभं होतं ते एकटं गप्प होतं.

आपण चुकतोय का, हा विचार गीतांजलीला तेव्हा पहिल्यांदा आला. नवरा चुकेल, सासू चुकेल, पण दोघं एकदम कशी चुकतील? ती केयूरला पॅसेजमध्ये घेऊन गेली आणि गुडघ्यांवर बसली.

"तुझ्या उशीखाली काय असतं, सांग."

"लाल गाडी. चाक निघालेली." त्याचा आवाज बसला होता. "आई, काढ ना गं हे."

तिच्या जिवात जीव आला. तिने प्रसादला ओढत आणलं आणि सांगितलं. प्रसाद समजूतदारपणे हसला. असा तो बँकेतल्या माणसांशी हसायचा. "गीता, सगळ्याच पोरांच्या उशीखाली गाड्या असतात."

"आवाज ऐक त्याचा!"

"मुंडक्यात सगळ्यांचे आवाज सारखेच येतायत."

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. तेच भयंकर होतं. ती बोलेल त्यावर त्या दोघांकडे उत्तर होतं, आणि प्रत्येक उत्तर शहाण्या माणसाचं होतं.

शेवटी ती तडक हॉलमध्ये गेली. ते पुन्हा पाटावर जाऊन बसलं होतं. तिने मागून त्याच्या मानेवर हात ठेवला आणि चेन चाचपली. हाताला केस लागले. ती खाली चाचपत गेली, पाठीच्या मध्यापर्यंत, कमरेपर्यंत. शिवण नव्हती, चेन नव्हती. केसांखाली काहीतरी सावकाश हललं, झोपेत कूस बदलावी तसं.

तिने हात झटकन मागे घेतला. बोटं नाकाशी नेली. कापडाचा वास नव्हता तो.

"काय झालं?" सुनीतीबाईंनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. काय सांगणार होती?

६

हिरवे कागद काळपट झाले आणि आया पोरं न्यायला येऊ लागल्या.

दारातच चेन सर्रकन उतरायची आणि आतून लालबुंद, घामाने थबथबलेलं, केस चिकटलेलं पोर बाहेर पडायचं. एकाचीही चेन अडकली नाही. पोर गेलं की झगा कोपऱ्यात पडायचा. एकेक अस्वल असं कमी होत होतं आणि गीतांजली केयूरचा पंजा गच्च धरून दाराशी उभी होती. ती वाट बघत होती, पाटावरच्याला कोण न्यायला येतं त्याची. त्याची आई येईल, ती त्याला न्यायला वाकेल, मग उलगडा होईल. सगळे हसतील. आपणही हसू.

दीक्षा सईला न्यायला आली. दीक्षा सरळ स्वभावाची बाई होती, उगाच कोणाच्या हो ला हो करणारी नव्हती. गीतांजलीने तिचा दंड धरला. "दीक्षा, तू सांग. या दोघांत केयूर कोण?"

दीक्षाने आधी इकडे पाहिलं, मग पाटाकडे. "अगं, तो काय. कुंकू लावलंय की त्याला."

"कुंकू मीच लावलं. चुकून लावलं."

"चुकून कसं लावशील? आई ना तू?" दीक्षा हसली, पण हसताना एक पाऊल मागे सरकली.

सईने मुंडक्यातून मोकळं झालेलं डोकं खाजवलं. "मम्मी, तो केयूर नाहीये. तो आमच्याबरोबर खेळलाच नाही. मी सगळ्यांच्या आधी आले ना, तेव्हापासून तो तिथेच होता. काकूंनी त्याला झगा घातलाच नाही."

"सई, मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही," दीक्षा म्हणाली आणि तिला ओढतच घेऊन गेली. समोरचं दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

आता घरात दोनच अस्वलं उरली.

७

बेल वाजली नाही. दार उघडंच होतं आणि दारात एक बाई उभी होती.

दाराबाहेरच्या पॅसेजचा दिवा गेलेला होता. साधी सुती साडी, डोक्यावरून पदर, पुढे केलेला हात, एवढंच दिसत होतं. सोसायटीत हिला पाहिल्याचं गीतांजलीला आठवेना.

"आमचं द्या," बाई म्हणाली.

"हो हो, या ना," प्रसाद लगबगीने पुढे झाला. त्याच्या आवाजात सुटकेचा निःश्वास होता. "अहो, याची चेन अडकलीय, घरी गेल्यावर जरा तेल लावून बघा." आणि त्याने केयूरच्या काखेत हात घातले.

"हात लावू नकोस त्याला!" गीतांजली किंचाळली. "हा माझा आहे. तुमचा तो, तिकडे बसलाय तो! त्याला न्या!"

"आई! आई!" केयूर हातपाय झाडू लागला.

"बघ, आईला बघून कसा रडतोय," प्रसाद म्हणाला. तो खरोखरच कळवळला होता. "गीता, सोड. लोकांचं पोर आहे."

"सोड गं," सुनीतीबाईंनी मागून तिचे खांदे धरले. "वाढदिवसाच्या दिवशी कोणाच्या लेकराला रडवू नये."

गीतांजलीने सोडलं नाही. दोघं ओढत होते आणि ती त्या केसाळ पंज्याला धरून उभी होती. पंज्यातून लहानशी, ओलीचिंब मूठ तिला जाणवत होती. ती मूठ तिची होती. जगातलं सगळं गेलं तरी चालेल, पण ही मूठ सोडायची नाही, एवढंच तिला त्या क्षणी ठाऊक होतं.

उंबऱ्यापलीकडून बाईने शांतपणे विचारलं, "मग ओवाळलंत कोणाला?"

विचारलं म्हणून तिने पाहिलं. कोणीही पाहिलं असतं. मान वळली, नजर पाटाकडे गेली. पाट रिकामा होता. ते उठून तिच्या अगदी मागे येऊन उभं राहिलं होतं. ती दचकली.

दचकली आणि हातातून पंजा निसटला. प्रसादने पोर उंबऱ्यापलीकडे बाईच्या हाती दिलं.

"आई" एवढंच ऐकू आलं, तेही लिफ्टच्या दारात अर्ध्यावर तुटलं. प्रसादने फ्लॅटचं दार लोटलं, वरची कडी घातली आणि दाराला पाठ लावून तो घाम पुसत उभा राहिला.

"मला जाऊ दे," ती म्हणाली.

"कुठे जातेस? बस जरा. पाणी पी."

"प्रसाद, दार उघड."

"हे बघ, तुझी खात्री करून देतो," असं म्हणत त्याने पुढे होऊन त्या अस्वलाच्या पाठीवरची चेन सर्रकन ओढली. जिथे तिला चेन लागलीच नव्हती, तिथली. मुंडकं मागे पडलं. "घे. हा बघ तुझा केयूर!"

केयूरच होता. तेच नाक, तीच हनुवटी. पण केस कोरडे होते, नुकता भांग पाडल्यासारखे. गालांवर घामाचा थेंब नव्हता. आणि कपाळावर, कातडीवर, कुंकू होतं, त्यावर अक्षतांचे दोन दाणे चिकटलेले. पडलेल्या मुंडक्याच्या कपाळावर काहीच नव्हतं.

"दृष्टच काढते माझ्या सोन्याची," सुनीतीबाई म्हणाल्या आणि मीठ-मोहरी आणायला आत गेल्या.

पोराने गीतांजलीकडे मान वर करून पाहिलं. बोललं काही नाही.

८

ती बाल्कनीकडे धावली. काचेवरचा हिरवा कागद ओरबाडून काढला, दार सरकवलं आणि ग्रिलच्या गजांना तोंड लावून खाली पाहिलं. चार मजले खाली सोसायटीचा रस्ता दिव्यांनी उजळला होता. वॉचमन खुर्चीत बसून मोबाईल बघत होता. बाई गेटकडे निघाली होती, घाई नसल्यासारखी. तिचं बोट धरून एक पायघोळ झगा चालला होता. मुंडकं पाठीवर लोंबत होतं. आता त्याची चेन निघाली होती.

घामाने चिकटलेले केस, एका बाजूला कललेली मान, दमला की उजवा पाय किंचित ओढत चालायची ती सवय. तो तिचाच होता. या वेळी तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

"केयूर!" तिने बेंबीच्या देठापासून हाक मारली. "केयूर!"

खाली ते पोर थांबलं. वळलं. मान वर करून एकेक मजला शोधत त्याच्या नजरेने तिला गाठलं. त्याचा चेहरा उजळला आणि ओ द्यायला त्याने तोंड उघडलं.

"ओ, आई!"

आवाज तिच्या गुडघ्यापासून आला. मोठ्याने, स्पष्ट, खाली ऐकू जाईल असा. एक गार हात तिच्या पायाला विळखा घालून होता.

खालच्या पोराचं तोंड हळूहळू मिटलं. हाक आपल्याला नव्हती, दुसऱ्याच कोणाला होती, हे कळल्यावर पोरं जशी वळतात, तसं ते वळलं आणि त्या बाईचं बोट धरून गेटबाहेर चालू लागलं.